पंधरा सह्यांचं पान

एल्क फोर्क,
१८ जून २०२४

प्रिय नोरीन,

पत्र घरी न पाठवता तुझ्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवते आहे म्हणून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो काही पत्राचा विषय नाही. टोमॅटो यंदा लवकर धरले आणि हरणांनी ते माझ्याआधी पाहिले. तुझ्या ड्वेनची पाठ आता बरी असेल. चर्चमध्ये पियानो अजून तूच वाजवतेस ना?

मार्चपासून मी सह्या गोळा करत हिंडते आहे, हे तुझ्या कानावर आलंच असेल. गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत लिहायचा की नाही, ते नोव्हेंबरात लोकांनी मतदान करून ठरवावं, एवढंच आमचं मागणं. पण त्या मतदानासाठीच आधी हजारो सह्या लागतात, आणि प्रत्येक काउंटीतून ठरलेल्या. आपल्या काउंटीच्या वाट्याला चारशे दहा. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, मागे पन्नास पोरं बोंबलत असायची, तरी डोकं इतकं कधी उठलं नव्हतं. विरोधकांचं एक बरं असतं. ते तोंडावर दार लावतात आणि विषय संपतो. मला छळतात ती आमचीच माणसं.

आघाडीत सात संघटना आहेत. डॉक्टरांना आठवड्यांची मर्यादा हवी होती, नाहीतर लोक बिचकतील म्हणे. कॉलेजातल्या मुली म्हणाल्या, मर्यादा घातलीत तर आम्ही चाललो. मजकूर फेब्रुवारीत छापूनसुद्धा झाला, तरी दर शनिवारी फोनवर तेच दळण. त्यात राजधानीतले सल्लागार सांगतात, दारात उभं राहून ‘गर्भपात’ हा शब्द काढायचा नाही, ‘कुटुंबाचा निर्णय’ म्हणायचं. मी आमच्या भागाचं काम बघणाऱ्या टेसाला म्हटलं, “अगं, असं बोलले तर लोकांना वाटेल मी विमा विकायला आलेय.” तर म्हणाली, “ग्लेंडा, ते शब्द चाचणी घेऊन निवडलेत.” सत्तावीस वर्षांची पोरगी. हुशार आहे, पण दोन घास नीट जेवत नाही.

एक जूनला अग्निशमन दलाची पॅनकेकची न्याहारी होती. तू आणि ड्वेन आला होतात, लांबून पाहिलं मी. सिरपच्या बाटल्यांशेजारी सह्यांचं पान लावलेली पाटी मांडून बसले होते, तेवढ्यात शनिवारचा फोन आला. त्या दिवशीचा विषय होता, टी-शर्ट जांभळे की निळे. अर्धा तास ऐकलं आणि मग माझा तोल गेला. मला मोकळेपणी ओरडायचं होतं, म्हणून पाटी टेबलावर तशीच टाकून मी बंबामागे गेले. मनसोक्त ओरडून परत येते तर कोरं पान भरलेलं. पंधरा सह्या. मी तिथे बसून होते तोवर कुणी फिरकलं नव्हतं आणि पाठ वळताच पंधरा जण. मूर्खासारखी खूश झाले मी.

खूश होण्यात अर्थ नव्हता. प्रत्येक पानाच्या तळाशी एक शपथ असते, की या सगळ्यांनी माझ्या डोळ्यांदेखत सही केली. ती नोटरीसमोर घ्यावी लागते. आपला नोटरी म्हणजे वेंडेल. शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता, तरी दर पानाला चष्मा लावून ते वाक्य मोठ्याने वाचतो.

“वेंडेल, किती वेळा तेच विचारशील?”

“जितकी पानं आणशील तितक्या वेळा.”

सत्तावीस पानांना मी हो म्हटलं. अठ्ठाविसावं पुढे केलं आणि परत ओढून घेतलं. तो चष्मा पुसत बसला.

टेसाला फोन केला. म्हणाली, पान बाद. मी म्हटलं, माणसं खरी आहेत, सह्या खऱ्या आहेत, मी काय त्यांचे हात धरले होते? ती म्हणाली, “एक खोटी शपथ सापडली, की ते तुझी सगळी पानं उडवतील, ग्लेंडा.” तिचं बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला. ते पान गेल्यावर आपली काउंटी सहा सह्यांनी कमी पडत होती.

मग निघाले दारोदार. चौदा घरं. नऊ जणांनी पुन्हा सही दिली. तिघे भेटलेच नाहीत, एक चिडला. आणि कापडाच्या दुकानातली ती बाई आहे ना, तिच्या मागे तिचा नवरा येऊन उभा राहिला. माझ्या बुटांकडे बघत म्हणाली, “मी कुठे सही केली होती?” मी म्हटलं, माझीच चूक झाली असेल, आणि पायऱ्या उतरले.

तू मोजलंस ना? सह्या पंधरा आणि घरं चौदा. टेसानेही विचारलं, पंधरावं कोण. अक्षर लागत नाही म्हणून सांगितलं. तुझं अक्षर, नोरीन. अख्ख्या गावाने पुस्तकांच्या कार्डांवर वाचलेलं. तुमच्या घरावरून मी दोनदा गाडी नेली. दुसऱ्यांदा ड्वेन गवत कापत होता, त्याने हात केला, मीही केला आणि पुढे गेले.

आता जे टाळत होते ते लिहिते. १९८३चा एप्रिल. तू एकोणीस वर्षांची. बसच्या आगारात येऊन म्हणालीस, मला शहरातल्या दवाखान्यात घेऊन चल. मी म्हटलं, माझी फेरी आहे, बदली माणूस मिळणार नाही. खोटं होतं ते. एका फोनवर मिळाला असता. त्या दवाखान्याबाहेर माझी गाडी कुणी पाहील, याची मला भीती वाटली. तू एकटी लांब पल्ल्याची ती रडकी बस धरून गेलीस, एकटीच परत आलीस आणि रविवारी पियानो वाजवलास. मी तिसऱ्या रांगेत बसून गात होते. कसं झालं, दुखलं का, एवढंही मी कधी विचारलं नाही. एक्केचाळीस वर्षं. मला फार लाज वाटते.

आणि परवा तू ते पेन उचललंस, नवरा पन्नास पावलांवर असताना, तेव्हा मी बंबामागे जांभळ्या-निळ्यावरून भांडत होते.

ते पान सोबत ठेवलं आहे. बाकीची चौदा नावं काळ्या शाईने खोडून टाकली. तुझं तुला परत, त्याचं काय करायचं ते तू ठरव. नव्या पानावर सही कर असं मी म्हणणार नाही. तीन सह्या वर आहेत, म्हणजे आपण अगदी काठावर आहोत आणि तपासणीत काही गळतातच. पण ती पानं राजधानीत कुणीही मागवून वाचू शकतं, आणि ड्वेनच्या चर्चची मंडळी मागवतील, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

येत्या मंगळवारी दोन वाजल्यापासून मी वाचनालयाच्या पुढच्या दाराशी गाडी लावून बसणार आहे. जिथून सगळं गाव जातं, तिथेच. सही करायची असेल तर कोरं पान आहे. नसेल तर नुसती येऊन बस, मला तेव्हाचं विचारायचं आहे. बाहेर यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. वाचनालय बंद होईपर्यंत मी तिथून हलणार नाही.

तुला न्यायला एक्केचाळीस वर्षं उशिरा आलेली,

तुझी बहीण,
ग्लेंडा