हत्तीमामा दारात आले, पुढे?

वालपारै, २९ जानेवारी

आदरणीय अत्तै यांना,

कोदैचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? डावा की उजवा ते मला आठवत नाही, म्हणून दोन्हींची चौकशी करते. मुगिलन अत्तान आणि त्यांची बायको सुखात असतील. (फोटो पाहिले. सुखात आहेत.) दोन वर्षांपूर्वी तुमच्या या मुलाशी लग्न करायला मी नकार कळवला, तेव्हा कारणे क्रमांक घालून लिहिली होती. सख्ख्या आत्याच्या मुलाला नाही म्हणायचे तर निदान व्यवस्थित म्हणावे, एवढाच हेतू होता. नऊ मुद्दे झाले. आता वाटते, चारांत भागले असते. तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. पत्राचे बरे असते, ते उचलले नाही तरी घरात येऊन पडते.

मी ठीक आहे. इथे थंडी आहे, जेवण वेळेवर मिळते, केस गळणे थांबले आहे. माझ्या कामाबद्दल अप्पांनी तुम्हाला ‘मुलगी जंगलात दिवे लावते’ असे सांगितल्याचे कळले. ते साधारण बरोबर आहे. चहाच्या मळ्यांतून हत्तींची ये-जा असते. कळप एक किलोमीटरच्या आत आला की उंच खांबावर तांबडा दिवा लागतो आणि माणसांनी घरात बसायचे असते. खांब, दिवा, बॅटरी आणि तो लावणारी यंत्रणा माझ्याकडे. यंत्रणा चोख चालते. अडचण आहे ती घरात बसण्याची, आणि त्यातही आमच्या एस्टेटच्या पाळणाघरातल्या अकरा मुलांची. वये तीन ते सहा. आया चहा खुडायला जातात आणि मुलांना सवरियक्का सांभाळते. हत्तींची पायवाट पाळणाघराच्या पायरीपासून नऊ मीटरवर आहे. (फितीने मोजले.) तेव्हा दिव्याचा अर्थ मुलांना शिकवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण दिवा माझा.

पहिल्या दिवशी मी बारा चित्रे घेऊन गेले. हत्ती दिवसाला दीडशे किलो खातो, कळपाचे नेतृत्व वयस्क मादी करते, पिल्लाजवळ कोणी गेले तर काय होते, असे क्रमाने सांगितले. चौथ्या चित्राला दोन मुले झोपली, सहाव्याला एक रडू लागले. नित्तिला नावाच्या पाच वर्षांच्या मुलीने हत्ती शी किती करतो असे विचारले. हा एकच प्रश्न मुद्द्याला धरून होता. मी साधारण शंभर किलो असे उत्तर दिले आणि त्यानंतर त्या दिवशी पाळणाघरात दुसरा कुठलाही विषय निघाला नाही. सवरियक्का दाराला टेकून हे पाहत होती. शेवटी म्हणाली, “कोदै, तू शिकलीस हे सगळ्यांना माहीत आहे. ते या पोरांना कशाला पटवून देतेस? गोष्ट सांग एखादी.”

म्हणून दुसऱ्या दिवशी कावळ्याची आणि वड्याची गोष्ट सांगितली. म्हातारी पाटी-आजी वडे तळते, कावळा एक पळवतो, कोल्हा त्याला गायला लावतो, वडा खाली पडतो. आपल्याकडे ही गोष्ट दुधाबरोबर पाजतात, त्यामुळे चूक होण्यासारखे काही नव्हते. (मी एवढेच जोडले की शास्त्राप्रमाणे कावळा गाणाऱ्या पक्ष्यांतच मोडतो, म्हणजे कोल्ह्याची विनंती अगदीच अवाजवी नव्हती. आणि अर्ध्या किलोच्या कावळ्याला साठ ग्रॅमचा वडा उचलणे अवघड नाही.) तेवढ्यात नित्तिलाने विचारले, “पाटीने जेवायच्या आधी कावळ्याला ठेवलं नव्हतं का?”

मी म्हटले, गोष्टीत तसे नाही.

“मग त्याने चोरला कुठे? त्याचाच होता, तो घेऊन गेला.”

अगिलन चार वर्षांचा आहे आणि फार कमी बोलतो. तो म्हणाला, “तो पाटीचा मेलेला आजोबा असणार.”

इथून गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. मेलेल्या आजोबांना नातीने वाढले नाही, त्यांनी बिचाऱ्यांनी स्वतः उचलून घेतला आणि तोही कोल्ह्याने फसवून काढून घेतला, अशी ती झाली. तीन मुले रडली. दुसऱ्या दिवशी अकराही मुले घरून आजोबांसाठी एकेक वडा घेऊन आली आणि सगळे वडे कुंपणाच्या भिंतीवर ओळीने मांडले. कावळे आले. कावळ्यांच्या मागून सिंहशेपटी माकडे आली, तेवीस. अत्तै, हे माकड जगात फक्त आपल्या या डोंगररांगांत सापडते, त्याला पाहायला संशोधक लांबून येतात आणि आठवडेच्या आठवडे झाडाखाली बसून राहतात. आमच्याकडे ती पत्र्यावर बसून वडे खात होती. वडे संपल्यावर त्यांनी दुपारची उकडलेली अंडी नेली. सवरियक्काने झाडू उगारला, तर तोही नेला. मुलांच्या मते सगळे आजोबा एकदम आले होते.

यानंतर शहाण्या माणसाने थांबायला हवे होते. पण कळप चार किलोमीटरवर आल्याची नोंद होती: सात हत्ती, त्यांत दोन पिल्ले. म्हणून मला तुमची गोष्ट आठवली. हत्तीमामा कुटुंबाला घेऊन लग्नाला निघतात, वाटेत खारीचे घर लागते, खार बाहेर गेलेली असते, पिल्ले एकटी असतात आणि मामा दारात येऊन उभे राहतात. इथे मी थांबले (कारण शेवटी लिहिते) आणि पुढे माहिती जोडली: तांबडा दिवा लागला की समजायचे, हत्तीमामा येताहेत. मुले तल्लीन झाली होती. मला वाटले, जमले.

गुरुवारी अकरा वाजता मी चाचणी म्हणून दिवा लावला आणि स्टॉपवॉच घेऊन पेरूच्या झाडामागे उभी राहिले. सवरियक्का मागे दूध तापवत होती. चौतिसाव्या सेकंदाला अकराच्या अकरा मुले बाहेर आली. नित्तिलाच्या हातात पाण्याचा पेला, अगिलनच्या हातात केळे, बाकीच्यांनी हात जोडलेले. त्यांचे काही चुकले असे मी म्हणू शकत नाही. मामा येणार म्हटल्यावर दारात जाऊन ‘या’ म्हणायचे आणि आधी पाणी द्यायचे, हे आपल्याकडे मूल चालायला लागायच्या आधी शिकते. नेमक्या त्याच वेळी चढावरून एस्टेटचे मॅनेजर चालत वर आले. त्यांना इथे सगळे दुरै म्हणतात. दुरै अंगाने भरलेले आहेत आणि त्या दिवशी त्यांनी राखाडी सफारी घातली होती.

“या मामा,” नित्तिला म्हणाली. “मामी आणि पिल्लं मागून येतायत का?”

दुरैंनी मागे वळून पाहिले. अगिलनने केळे सोललेही नाही, ते त्यांच्या तोंडाच्या दिशेने जितके उंच जाईल तितके धरले आणि विचारले, “सोंड कुठे ठेवलीत?”

मी झाडामागून बाहेर आले. दुरै मला म्हणाले, “काय शिकवताय तुम्ही यांना?”

“हत्ती आला की काय करायचं ते.”

“आणि मी?”

मी स्टॉपवॉच बंद केले. संध्याकाळी लेखी हुकूम आला. पंधरा फेब्रुवारीपर्यंत मुले दिवा लागल्यावर आत बसायला शिकली नाहीत, तर कळप जाईपर्यंत पाळणाघर बंद. ऐकायला हे सुरक्षित वाटते. पण पाळणाघर बंद म्हणजे आया मुलांना पाठीशी बांधून मळ्यात नेणार, म्हणजे हत्ती जिथून चालतात बरोबर तिथे. हे मी दुरैंना सांगितले. ते म्हणाले, मग शिकवा.

मी शिकवले. शुक्रवारी स्पष्ट शब्दांत सांगितले की मामा आले तरी दार उघडायचे नाही, हाक मारली तरी ओ द्यायची नाही, तांबडे दिसले की आत, कडी, आणि चूप. मुलांनी पाठ करून दाखवले. रविवारी अगिलनचे कान टोचायचे होते. त्याचा सख्खा मामा पोल्लाच्चीहून सात ताटे, नेसायला रेशमी वेष्टी आणि सोनार घेऊन आला. मामाच्या मांडीवर बसल्याशिवाय कान टोचले जात नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. मांडी तयार होती. पण शेजारणीने कुंपणावर तांबडी साडी वाळत घातली होती. अगिलनने ती पाहिली, तीन मावसभावंडांना आत ओढले आणि कडी घातली.

“अगिला, अरे मामा आलोय. दार उघड,” मामा म्हणाला. याहून चुकीचे वाक्य त्याला सापडले नसते. आतून चकार शब्द नाही. मामाने दार ठोठावले, सोनाराने ठोठावले, मामाने गूळ दाखवला. पंचवीस मिनिटे चार मुलांनी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही. (प्रशिक्षण म्हणून पाहिले तर निकाल शंभर टक्के आहे.) मुहूर्त टळला. मामा ताटे घेऊन परत निघाला होता, त्याला बसस्टॉपवरून वळवून आणावे लागले. अगिलनची आई कनकवल्ली मला कामगारांच्या घरांच्या सगळ्या ओळीसमोर म्हणाली, “पोरी, तू मशीनचं शिकलीस ना? मग मशीनलाच शिकव.”

सोमवारी पुन्हा चाचणी घेतली. पाच मुले बाहेर, पाच आत. नित्तिला उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, “अक्का, आधी सांग, कुठला मामा आहे?”

असे आहे. बाकी सर्व क्षेम. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना जे देतात ते.

तुमची भाची,
कोदै

ता. क. १ – गोष्ट मी मध्ये का थांबवली ते लिहायचे राहिले. मला पुढचे येत नाही. मी सात वर्षांची असताना मामा दारात उभे राहिल्याबरोबर मी विचारले होते की खारीच्या दाराची रुंदी किती. तुम्ही उठलात आणि मुरुक्कू तळायला गेलात. नंतर त्या गोष्टीचे नाव कधी निघाले नाही. तर पुढे काय होते ते कृपया लवकर कळवावे. माझ्या दोनच अटी आहेत: पिल्लांनी आत गप्प बसले पाहिजे, आणि तरी मामांचा अपमान होता कामा नये. मला या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बसवता येत नाहीत. तुम्हाला येतात. लग्नाच्या घरी तुम्हाला हे करताना मी पाहिले आहे.

ता. क. २ – लिहिण्यापेक्षा येणे सोपे वाटत असेल तर खोली झाडून ठेवली आहे. पोल्लाच्चीपासून चाळीस वळणांचा घाट आहे. पुढच्या सीटवर बसा.

ता. क. ३ (३१ जानेवारी) – टपाल आज निघणार असल्याने पत्र उघडेच होते, म्हणून जोडते. सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी दिवा लागला. मी लावला नव्हता. मी पाळणाघरात टॉर्चची बॅटरी बदलत होते. सातही हत्ती पायवाटेने गेले, पिल्ले मध्ये. पूर्ण जायला अठरा मिनिटे लागली. अकरा मुले भिंतीला पाठ लावून बसली होती, एकही हलले नाही, एकही बोलले नाही. मी मोजली. पुन्हा मोजली. अकरा. सगळे शांत झाल्यावर सवरियक्काला विचारले की हे तिने कसे जमवले. ती दूध गाळत होती. म्हणाली, “त्यात काय. जो बाहेर दिसेल त्याला कोदै अक्का गोष्ट सांगेल, एवढंच म्हटलं.”

तेव्हा कामासाठी तुमच्या गोष्टीचा शेवट आता लागणार नाही. तरी कळवा.