कोपरावरचं भोक

३ डिसेंबर
पोचले. खोली हवेशीर, खिडकीत ऊन, पलंग कुरकुरत नाही. निवृत्तीनंतर घरी बसून अंगाला गंज चढला होता. पुन्हा रुग्णसेवेचं काम मिळालं, बरं वाटलं. रुग्ण म्हणजे नव्वदी ओलांडलेले आजोबा. त्यांची लेक बोलकी. तिची एकच अट: आजोबांच्या अंगातला बटणांचा राखाडी स्वेटर काढायचा नाही. आईने शेवटच्या आजारात विणला, म्हणाली. इतकी वर्षं झाली, विटला नाही की झिजला नाही. तिला स्वतःला सुई धरता येत नाही. मला येते ना, हे तिने पत्रातच विचारून घेतलं होतं. असले लाड मला पटत नाहीत, पण घर त्यांचं.

५ डिसेंबर
आजोबा जेवत नाहीत. नाडी मंद. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. अंग पुसताना स्वेटरच्या कोपराला भोक दिसलं. फाटकं मला खपत नाही. टोपलीत त्याच लोकरीचा गुंडा होता. दुपारी बसून रफू केलं, शोधून सापडणार नाही असं. आजोबा बघत होते. रडले. आजींची आठवण आली असेल.

६ डिसेंबर
आजोबा उठून बसले, वाटीभर सूप प्याले. डॉक्टर चक्रावले, लेक खूश. आजोबांनी मात्र माझ्याकडे पाठ फिरवली.

९ डिसेंबर
आज बोलले. ते भोक त्यांनीच पाडलं होतं, दातांनी धागा कुरतडून. वर्ष गेलं त्यात. तुझ्याआधीच्या बाईनेही असंच हौसेने बुजवलं, म्हणाले. बायकोने जीव लावून विणलाय गं, पण मी फार दमलोय. आता जाऊ दे.
म्हातारपणी माणूस बरळतो, असं लिहिणार होते. पण दातांच्या फटीत राखाडी लोकर दिसली.

११ डिसेंबर
माझं रफू मीच उसवलं. आजोबांनी लांब श्वास सोडला. बटणं आपसूक सुटली. गेले. इतका निवांत चेहरा वॉर्डात कधी पाहिला नव्हता.
लेक रडली नाही. स्वेटर जपून ठेवते, म्हणाली. फाटका कसा द्यायचा? रफू करून दिला. हाताची सवय.

१२ डिसेंबर
सामान बांधलं. बाहेर गारठा. लेकीने दारातच स्वेटर माझ्या खांद्यावर टाकला. आईच्या हातचा आहे काकू, नाही म्हणू नका. ऊबदार आहे. हात घालून बटणं लावली, अगदी मापात बसला. थकवा आलाय — जरा टेकते, मग निघते —

तारीख माहीत नाही
बटणं निघत नाहीत. लेकीचे केस पांढरे झाले. मला आई म्हणते. दमले — दातांनी धागा — थोडा थोडा —

उन्हाळा असावा
भोक पडलं. बोट जातं. श्वास हलका. आज कदाचित —
नवी बाई आली. टापटीप. खोली हवेशीर आहे, म्हणाली. कोपर बघितलं तिने. सुई शोधतेय. जीभ उचलत नाही — लिहून दाखवते — नको गं बाई, ते भोक