एका पोटात दोन औषधं

पुणे, ६ एप्रिल २०२५

ती. आईस काजलचा साष्टांग नमस्कार वि. वि.

घशाच्या गाठीने तुझा आवाज बसल्यापासून फोनवर मी एकटीच बडबडते आणि तू पलीकडून नुसती टिचकी वाजवतेस. म्हणून पत्र. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, तेव्हा उत्तराचा आळस करायचा नाही. तीन केमो झाल्या, सहा राहिल्या, म्हणजे ऑगस्टपर्यंत. उलट्यांनी तू अर्धी झालीस, असं चंदनदादा सांगत होता.

सोबत जांभळाच्या भुकटीचा पुडा पाठवते. आमच्या प्रयोगशाळेत जांभळाचा अर्क काचेच्या ताटलीतल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकला आणि त्यांची वाढ थांबली. दोन वर्षं राबले, तेव्हा एवढं हाती आलं. रोज सकाळी एक चमचा ताकातून घे. गावभर मला डॉक्टरीणबाई म्हणवतेस ना, मग डॉक्टरीणबाईंचं औषध चुकवू नकोस. बाबांना नमस्कार. लोभ आहेच, तो उलट्यांच्या दिवसांतही टिकवावा.

तुझी काजल

म्हसावद, ९ जुलै

चि. काजल हिस अनेक आशीर्वाद.

उत्तराला तीन महिने लावले, रागावू नकोस. फरक पाहूनच लिहायचं ठरवलं होतं. उलट्या थांबल्या. दुधात कुस्करून अर्धी भाकर खाते. डोक्यावर केस आलेत, नुकत्या उगवलेल्या बाजरीएवढे. तुझे बाबा त्यावरून हात फिरवून हसतात. पाणी गिळताना हल्ली ठसका लागतो, तेवढं चालायचंच.

पुडा संपला तेव्हा धडगावकडून जीपने जांभळं आणणाऱ्या कमलीबाईकडून दोन टोपल्या घेतल्या आणि बिया वाळवून दळल्या. पथ्य अगदी कडक पाळते. तुझी आजी झाडपाला सुरू केला की दवाखान्याची गोळी घरात ठेवू देत नसे. म्हणायची, एक पोटमा दोन औसदे नांदतस नही. तुझ्या औषधात मी दुसरं काहीच मिसळू दिलेलं नाही. बाबाही म्हणाले, पोर डॉक्टर शे, तिन्हं आयक. जेवणाची हेळसांड करू नकोस. आईची आठवण ठेवावी.

तुझी आई

पुणे, १४ जुलै

ती. आईस नमस्कार. पुढे काही सुचत नाही.

पत्राचा फोटो दादाच्या मोबाईलवर पाठवते, तो दाखवेल. केसांचं वाचलं आणि ती ओळ मी पुन्हा वाचली. तुझी केमो चालू असती तर केस आले नसते. दादाला विचारलं. तो म्हणाला, केमो एप्रिलपासून बंद आहे, तूच तर सांगितलंस. दवाखान्यातून फोन आले, तेव्हा त्याने दुसरीकडे औषध चालू असल्याचं कळवलं. दर रविवारी मी तुझी चौकशी करायचे, तो म्हणायचा, तू सांगितलंस तसं चाललंय. आणि मी खूश व्हायचे.

आई, मी माणसं बरी करणारी डॉक्टर नाही. त्या ताटलीत साबणाचं पाणी टाकलं तरी पेशी मरतात. जांभळं, करवंदं, आवळे खाणाऱ्यांना रोग कदाचित कमी होत असतील, तेही अजून पक्कं नाही. पण झालेला रोग भुकटीने जात नाही. औषध म्हणाले ती थट्टा होती. केमो सोडू नकोस, ही एक ओळ लिहायला मला काय झालं होतं? पाया पडते, उद्याच दादाबरोबर दवाखान्यात जा. मी निघालेच.

काजल

म्हसावद, ३ ऑगस्ट

चि. काजल हिस आशीर्वाद.

तू पुण्याला पोचल्याचं दादाने सांगितलं. तू समोर होतीस तेव्हा हे लिहायचा धीर झाला नाही. गाठ श्वासनळीपर्यंत गेली आहे आणि आताची केमो बरं करायला नाही, दिवस वाढवायला आहे, हे मला कळलंय. तुम्ही दोघं भावंडं दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी होतात, तेव्हाच कळलं. मला भीती वाटते, काजल. खोटं कशाला सांगू, फार वाटते. श्वास अडला की पलंगाची कड धरून बसते.

संशोधन सोडते म्हणून बाबांजवळ रडलीस. सोडायचं नाही. आणि एक ऐकून ठेव. तू औषधांच्या खिडकीपाशी रांगेत होतीस, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, मधेच उपचार बंद करायला कोणी सांगितलं? दादा तोंड उघडणार होता. मी त्याचा हात दाबला आणि पाटीवर लिहिलं, उलट्यांना भ्याले, मीच बंद केले. ते सगळंच खोटं नव्हतं. डॉक्टर मला खूप बोलले आणि कागदावरही तसंच लिहून ठेवलं. उद्या नातेवाईक विचारतील, तूही हेच सांगायचंस. तुझं नाव मी कुठेही येऊ दिलेलं नाही.

आहेत तितके दिवस लोभ असाच राहू दे.

तुझी आई