वयाची अट

काल्बायोग, ५ जुलै

चि. रोमुलो यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं जहाज कुठल्या समुद्रात आहे देव जाणे, म्हणून पत्र एजंटाच्या पत्त्यावर टाकतेय. नानायचा गुडघा कुरकुरतो आणि त्याहून जास्त आई स्वतः कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम आहे.

यंदा फिएस्टाला शहराचा मोठा नाच-उत्सव आहे आणि आमच्या शाळेचा ताफा माझ्या गळ्यात पडलाय. नाच अर्थात कुरात्सा. मुलींना कोंबडा-कोंबडीची चाल शिकवायला मी नानायला बोलावलं. महिनाभर ती रोज पटांगणात यायची, केसांना खोबरेल लावून, आई-बाबांच्या लग्नातला तातयचा रुमाल कमरेला खोचून. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे तिनेच नाचायचं असं ठरलं होतं.

पण आता ती घरीच असते. समितीने साठीच्या पुढच्यांना मनाई केलीय म्हणे. नियमच तसा, त्याला मी काय करणार? सांगितल्यावर तिने रुमाल धुतला, घडी घातली आणि ट्रंकेत टाकला. तू पत्रात हा विषय काढू नकोस. जेवणाकडे लक्ष दे, आणि आठवण असू दे.

तुझी ताई,
फेली

रॉटरडॅम, २४ जुलै

प्रिय ताईस,
तुझा हात कपाळाला लावून वि. वि. पत्र वाचलं आणि डोकंच फिरलं. साठीच्या पुढे मनाई? अगं, कुरात्सा म्हाताऱ्यांनीच तर टिकवला. तातय लग्नाच्या मांडवात रुमाल पुढे करायचे आणि नानाय कितीही फुरंगटलेली असली तरी तिला उठावं लागायचं, कारण रुमालाला नाही म्हणायची आपल्याकडे सोयच नाही. आणि हे शहाणे तिला नाही म्हणतात!

तू गप्प बसलीस, मी बसणार नाही. समितीला खरमरीत पत्र टाकलंय. जहाजावरच्या आपल्या सामार बेटावरच्या सगळ्या पोरांनी सह्या केल्या. कॅप्टन ग्रीक आहे, त्याला ओ की ठो कळलं नाही, पण त्यानेही केली. तातयच्या मातीला मी आलो नाही. आता आईसाठी एवढं तरी करू दे.

रागावू नकोस, माया असू दे.

तुझा,
रोमुलो

काल्बायोग, २० ऑगस्ट

चि. रोमुलो यास,
आशीर्वाद. अरे, काय करून बसलास तू!

समितीच्या बाई शाळेत आल्या होत्या. म्हणाल्या, असा नियम आम्ही केलाच नाही, कुणाचा तरी गैरसमज झालाय, तुमच्या आईंनीच मिरवणुकीची सुरुवात करावी. मी मान खाली घालून ऐकलं. रोमुलो, नियम नव्हताच. तो मी केला.

नानाय दर वेळी वेगळीच नाचते. आज डावीकडे वळली तर उद्या उजवीकडे, आणि मागच्या पोरी एकमेकींवर आदळतात. परीक्षकांना सगळ्या एका तालात हव्या असतात. पण हेही खरं कारण नाही. पलीकडच्या शाळेची शिक्षिका एकदा सराव बघायला आली आणि नानायकडे बघून तोंडाला रुमाल लावून हसली. मला लाज वाटली. माझ्या आईची मला लाज वाटली.

घरी येऊन नानायला सांगितलं की नियम रद्द झाला. तर ती म्हणते, पोराने रडून भेकून मिळवलेला नाच मला नको, गाव म्हणेल म्हातारीने गळ घातली. ती हटून बसलीय. नियम नव्हताच असं सांगितलं तरच ती उठेल, आणि सांगितलं तर तिला कळेल की पोटच्या पोरीनेच तिला बाजूला केलं. डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षी गुडघा साथ देईलच असं नाही. तुझं उत्तर येईपर्यंत फिएस्टा उलटून जाईल. काय करू रे?

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

फेली

डर्बन, २२ ऑगस्ट

प्रिय ताईस,
हात कपाळाला लावून वि. वि. समितीचं उत्तर मिळालं! असा नियमच नाही म्हणतायत, म्हणजे घाबरून मागे घेतला. बघ, तुझ्या धाकट्याने घरबसल्या, म्हणजे जहाजबसल्या, नियम मोडून दाखवला. नानायला म्हणावं, नाच बिनधास्त. फोटो पाठव, इथे सगळे वाट बघतायत. तू उगाच घाबरतेस. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझा,
रोमुलो

काल्बायोग, १० सप्टेंबर

चि. रोमुलो,
आज आशीर्वाद लिहीत नाही. का, ते पुढे वाच.

माझं मिळण्याआधीच लिहिलेलं तुझं आनंदाचं पत्र आलं त्याच दुपारी मी नानायला सगळं सांगितलं, त्या बाईच्या हसण्यासकट. ती मासळीला मीठ लावत होती. म्हणाली, म्हणजे मी म्हातारी नव्हते, अडचण होते. आणि पुढचा मासा घेतला. संध्याकाळी चर्चची घंटा झाली तेव्हा कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायला मी तिचा हात मागितला. हाताला मीठ आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशीही मीठच होतं, तिसऱ्या दिवशीही.

फिएस्टाला मात्र आली, केसांना खोबरेल लावून. तिच्याबरोबर गावातले एक म्हातारे गिटारवाले नाचणार होते. ती त्यांच्यासमोरून निघून माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि रुमाल पुढे केला. नाही कसं म्हणणार? भर रस्त्यात मी कोंबडा झाले.

मला येतात ती मोजून बसवलेली पावलं. मी डावीकडे गेले की ती उजवीकडे. लोक पोट धरून हसत होते. ती पलीकडची शिक्षिका पुढेच उभी होती, आणि हसू या वेळी माझं होत होतं. शेवटी कोंबड्याने कोंबडीला रुमालात पकडायचं असतं. नानाय सापडेचना. वाजवणाऱ्यांनी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवली. माझा दम संपला आणि मी कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. तिचा गुडघा तेवढ्यात एकदाही कुरकुरला नाही. मागे पोरींनी ओळी केव्हाच सोडल्या होत्या, जिला जसं वाटेल तशी नाचत होती. बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं.

घरी आल्यावर मी पुन्हा हात मागितला. तिचे हात स्वच्छ होते. ते तिलाही दिसत होतं आणि मलाही. अजून मीठ आहे गं, म्हणाली. मग कमरेचा रुमाल सोडून माझ्या हातात दिला. नीट धुऊन ठेव, पुढच्या वर्षी लागेल, म्हणाली.

मी धुऊन दोरीवर घातलाय. मलाच मिळालेला नाही, तर आशीर्वाद तुला कुठून पाठवू? मिळाला की पहिला तुझा.

फेली