डाव्या दारातला आवाज

५ जानेवारी २०२५, रविवार

शेवटी पॅसिव्हच. ठरलं!

भिकाशेठ प्रोसेसर गळ्यात मारायच्या मागे होता. मूळचा येवल्याचा, इथे द्वारका चौकाजवळ गाड्यांच्या स्टिरिओचं दुकान, जिभेवर साखर. "साहेब, प्रोसेसर घ्या. मोबाईलवर बोट फिरवलं का डावं-उजवं, कमी-जास्त, सगळं सेट. लय सोपं हाय." मला सोपं नकोय. मोबाईलवर फिरवता येतं ते उद्या कोणीही फिरवेल.

पॅसिव्ह क्रॉसओव्हर म्हणजे साधी डबी. आत तारेची वेटोळी आणि कपॅसिटर. गाणं आलं की ती वाटणी करते — ढोल दारातल्या वूफरला, माणसाचा गळा मधल्या स्पीकरला, झांजा वरच्या ट्वीटरला. डावीकडे एक, उजवीकडे एक, दोन्ही सारख्या. बसवली की बसवली. तिला स्वतःचं मत नसतं.

कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या मालात खोट काढतो. घरची एक तरी गोष्ट बिनखोट असावी.

नवे स्पीकर घेऊन घरी आलो. तेजस्विनीने पिशवीत काय आहे ते विचारलंही नाही.

७ जानेवारी

खरं कारण लिहून टाकतो. इथे कोण वाचतंय!

आम्ही दोघं नवरा-बायको रोज एकाच गाडीने ओझरला. ती बँकेत उतरते, मी पुढे कंपनीत. पूर्वी आडगाव येईपर्यंत तिची निम्म्या बँकेची उणीदुणी काढून व्हायची. मी गाडी चालवायची आणि हुंकार द्यायचे. दिवाळीच्या सुमाराला ते बंद झालं. आता बाईसाहेब खिडकीबाहेर बघतात. भांडण नाही, तंटा नाही. घरी बोलते, पण कामापुरतं.

मला शांतता आवडते. पण ही ती नाही. हिची भीती वाटते.

बोलायचं नसेल तर निदान दोघं मिळून ऐकू काहीतरी. पण मग ते नीट वाजलं पाहिजे.

११ जानेवारी, शनिवार

दोन डब्यांत निवड. पहिली तयार मिळते, दिसायला झकास, पण आवाज आठशे हर्ट्झला कापते. म्हणजे ऐन गळ्यात! गाणारी बाई निम्मी गुडघ्यापाशी, निम्मी डोळ्यांसमोर. दुसरी पुण्यातला एक जण हाताने बनवून देतो. दिसायला साबणाच्या पेटीसारखी. पण चारशेपासून चार हजारांपर्यंत सगळं एकाच स्पीकरला. माणसाचा आवाज मध्ये कुठे तोडत नाही.

दुसरी. भिकाशेठ म्हणाला, "साहेब, एवढं कोन ऐकतं?"

मी ऐकतो.

१२ जानेवारी

संध्याकाळी भाजी घेताना तेजस्विनीच्या बँकेतली चैताली भेटली. "तेजस्विनी मॅडम पुण्याला गेल्यावर तुमच्या डब्याचं काय हो?" मी हसलो. काय करणार?

घरी विचारलं. पुण्याच्या ऑफिसात वरची जागा आहे. एकतीस तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं.

"मी सांगितलं होतं तुला. नोव्हेंबरात. गाडीत."

"नाही सांगितलंस."

"बरं. नाही सांगितलं."

आणि कणीक मळायला घेतली. ती खोटं बोलणारी नाही. पण सांगितलं असतं तर मी विसरेन का? एवढी गोष्ट! राग आला. रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. जा म्हणावं की थांब म्हणावं, तेही मला विचारलेलं नाही.

१६ जानेवारी

डब्या आल्या. बसवल्या. खालचा आवाज उत्तम, गळा स्वच्छ. पण डावी बाजू मेलेली!

स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे डावे स्पीकर लांब पडतात, हे गृहीत धरलं होतं. पण इतकं?

१८ जानेवारी, शनिवार

आमच्या कामातला पहिला धडा — अदलाबदल. डावीकडचं उजवीकडे लावायचं. खोट सरकली तर वस्तूत आहे. नाही सरकली तर जागेत.

डब्या बदलल्या. खोट डावीकडेच. स्पीकर बदलले. डावीकडेच. मग वायर नवी ओढली. तरी डावीकडेच!

भिकाशेठला आणून बसवलं. "साहेब, मला तं दोनी बाजू सारख्याच वाटत्यात."

दुकानदाराचा कान! याच्या भरवशावर लोक गाड्या देतात.

२२ जानेवारी

सकाळी आडगावपाशी तिचे ओठ हलल्यासारखे वाटले. "काय?" म्हटलं. "काही नाही," म्हणाली.

२५ जानेवारी, शनिवार

आज डाव्या सीटवर बसून ऐकलं. डावे स्पीकर आता हाताशी. तरी डावी बाजू मेलेलीच. हे काही केल्या बसेना. डबी बदलली, स्पीकर बदलले, वायर बदलली, आता जागाही बदलली. बदलायचं राहिलं काय?

मग सीटवर गुडघे टेकून उलटा बसलो. तोंड मागच्या काचेकडे.

खोट सरकली.

डावं दार खणखणीत वाजायला लागलं आणि उजवं गेलं. परत सरळ बसलो. परत डावं गेलं. तीनचारदा केलं. तळमजल्यावरच्या अनसूयाकाकू पार्किंगमधून गेल्या. "आल्हाद, गाडीत उलटं काय बसलायस रे?" त्यांना म्हटलं, तपासतोय.

मी फोन नेहमी उजव्या कानाला लावतो. आज डाव्याला लावून बघितला. फोन लागलाच नाही असं वाटलं.

२७ जानेवारी

कॉलेज रोडला कानाच्या डॉक्टरांकडे. एकटाच गेलो, तिला सांगितलं नाही. काचेच्या खोलीत बसवलं, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाच्या वेळी हातात बटण धरून नुसता बसून होतो. मला वाटलं अजून सुरूच केलेलं नाही.

"डावा बराच गेलाय. हळूहळू गेला असणार, म्हणून कळलं नाही. उजवा चांगला आहे ना, तो भागवून नेतो. घरी समोरासमोर बोलताना काही जाणवत नाही. पण डावीकडून कोणी बोललं, त्यात गाडीबिडीचा आवाज असला, की संपलं." यंत्र लावायचं, आणखी एक तपासणी करायची.

नाचता येईना अंगण वाकडं! दहा दिवस मी अंगण उकरत होतो. प्रोसेसर घेतला असता तर डावी बाजू बोटाने वाढवून मोकळा झालो असतो. कधीच कळलं नसतं.

घरी येताना सिग्नलला थांबलो तेव्हा डाव्या सीटकडे नजर गेली. ती रोज तिथे बसते.

२९ जानेवारी

दोन दिवस सांगायचं म्हणतोय. जमत नाही. सांगितलं तर दया येऊन थांबेल. तसं थांबायला नको. पण न सांगता गेली तर?

३१ जानेवारी, शुक्रवार

सकाळी तिच्या हातात किल्ली दिली आणि डावीकडे बसलो. डॉक्टरांची फाईल दाखवली, कानाचं सांगितलं. स्टिरिओ बंद. द्वारका गेलं, आडगाव गेलं. मग तिने गाडी कडेला घेतली.

"म्हणजे नोव्हेंबरात मी विचारलं, मी पुण्याला गेले तर तुला चालेल का — ते तू ऐकलंच नव्हतंस?"

"नाही."

"मी परत विचारलं होतं. तू गिअर टाकलास."

तिने डोळे पुसले. म्हणाली, अजून काही कळवलेलं नाही, दुपारपर्यंत वेळ आहे.

"परत विचारू?"

स्वच्छ ऐकू आलं. विचार म्हटलं.