समोरची खोली

प्रिय चिऊ,

तुझा निरोप आईने मला तीनदा वाचून दाखवला. सोमवारपासून तू पुन्हा कामावर जाणार आणि दुपारी दोन ते सहा पिल्लाला माझ्याकडे ठेवणार. आई तेव्हा नोकरीवर, म्हणजे घरात आम्ही दोघंच. चार वर्षं तू माझ्याशी फोनवरसुद्धा धड बोलली नाहीस आणि आता थेट लेकरू सोपवतेस! मी लगेच पुढच्या खोलीतल्या दुकानातल्या सुया, कात्र्या, तेलाच्या बाटल्या वरच्या फळीवर चढवल्या. आई म्हणाली, पोर अजून रांगतही नाही. म्हटलं, तयारीला काय जातंय.

दारू सोडणाऱ्यांच्या त्या बैठकीला मी कसा जायला लागलो, ते आईने तुला अर्धंमुर्धंच सांगितलं असणार. आपल्याकडे शिलाई मशीन दुरुस्तीला आणणाऱ्या त्या फटकळ शिंपीणबाई आठवतात ना? एका सकाळी त्यांच्या मशीनला सुई बसवताना माझा हात इतका थरथरत होता की शेवटी ती त्यांनीच घेतली आणि बसवली. मग पिशवीतला कागद काढून पत्ता लिहिला. त्यांच्या नवऱ्याची दारू तिथेच सुटली होती. शाळेमागची इमारत, वरचा मजला, गुरुवारी सात. मी मनात म्हटलं, बाईंना नसत्या उठाठेवी. पण तीस वर्षं लोकांची मशीनं नीट करणाऱ्याला गिऱ्हाइकाने सुई बसवून द्यावी, हे फार झोंबलं होतं. गुरुवारी गेलो.

वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या, दोन्हीकडे खुर्च्या मांडलेल्या, दोन्हीकडे चहा. मी डावीकडे शिरलो. पाच मिनिटांत कळलं की आपण चुकलो. ही खोली पिणाऱ्यांच्या घरच्यांची होती, कुणाची बायको, कुणाचा भाऊ, कुणाची मुलगी. उठायला हवं होतं, पण बैठक चालवणाऱ्या निवृत्त नर्सबाईंनी माझ्या हातात कप दिला आणि हळूच विचारलं, घरात कोण? मी म्हटलं, आहे एक. त्यांना वाटलं, मुलगा असेल. सगळे माझ्याकडे इतक्या मायेने बघायला लागले की काय सांगू! आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. पुढच्या गुरुवारीही मी शहाण्यासारखा डावीकडेच गेलो आणि बिचारा बाप बनून बसलो.

तिसऱ्या गुरुवारी तुझ्याच वयाची एक मुलगी बोलली. कुरिअरच्या ऑफिसात काम करते. सांगत होती, लहानपणी संध्याकाळी ती पुस्तक उघडून बसायची, पण कान दाराच्या कुलपाकडे. किल्ली पहिल्या झटक्यात लागली तर वडील शुद्धीत. किल्ली नुसतीच खरवडत राहिली की ती धाकट्या भावाला घेऊन शेजारी जायची. चिऊ, आपल्याकडे धाकटा भाऊ नव्हता, पण शेजारच्या काकूंकडे तू अभ्यासाला का जायचीस, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. इतकी वर्षं मी लोकांना कौतुकाने सांगायचो की आमच्या मुलीला काकूंचा भारी लळा. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. त्या मुलीने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि विचारलं, "काका, तुमच्याकडे कोण पितं?"

"मीच," मी म्हटलं.

नर्सबाई उठल्या, माझ्या दंडाला धरून मला दारापर्यंत नेलं आणि म्हणाल्या, "तुमची खोली समोरची. तिथेही चहा आहे." मागे कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले, आणि मीही.

समोरच्या खोलीत माया कमी आणि चौकशा फार. तिथे एक बसचालक आहे, एक दातांचे डॉक्टर आहेत, आणि थापा मारण्यात सगळे माझे गुरू आहेत. बंद पडलेलं मशीन आणणारं गिऱ्हाईक मला नेहमी सांगतं की काही न करता आपोआप बंद पडलं. मीही सुरुवातीला तसंच काहीबाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, बरं, आता खरं काय ते सांगा. तेव्हापासून एकही गुरुवार चुकवलेला नाही. हात आता थरथरत नाही. शिंपीणबाई मुद्दाम दोन मशीनं घेऊन आल्या आणि मी सुया बसवताना शेजारी उभ्या राहून बघून गेल्या.

आता मुद्द्याचं. दारू सोडून सहा महिने झाले असं आईने तुला सांगितलं आणि त्यावर तू सगळं ठरवलंस. खरे दिवस एकोणऐंशी आहेत. आई मावशीकडे गेली होती त्या दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि प्यायलो. कारण काहीच नव्हतं. वेळ दोन ते सहामधलीच होती. समोरच्या खोलीत मी ते पुढच्याच गुरुवारी सांगितलं, घरी नाही. आज सकाळी आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती, चिरतच राहिली. मग म्हणाली, "मला काय सांगता? पोर तिचं आहे." म्हणून हे पत्र. पिल्लू मला हवं आहे, किती ते लिहीत नाही, नाहीतर तू विरघळशील. सोमवारी आणलंस तर मी दारात उभा असेन. नाही आणलंस तरी गुरुवारी सातला माझ्या खुर्चीवर असेन, त्यात बदल नाही. या माणसाबरोबर राहशील का, असं लहानपणी तुला कुणी विचारलं नव्हतं. पिल्लाच्या वतीने तू नीट विचार कर, आणि माझ्याकडे न बघता ठरव.

तुझाच, एकोणऐंशी दिवसांचा,
बाबा