मंगळवारच्या बाजारातली जागा

५ जानेवारी, सोमवार
डोंगरावरच्या वाडीत सांगायला गेले होते, की उद्यापासून फिरत्या दवाखान्याची गाडी येणार नाही. मंगळीने विचारलं, "शिस्टर, गाडी बंद कोनी केली?"
तालुका म्हणतो जिल्ह्याने, जिल्हा म्हणतो राज्याने, राज्य म्हणतं दिल्लीहून येणारा वाटाच कमी झाला. तसं सांगितलं तर म्हणाली, "त्यांला आमची वाडी कुठं हाय तं म्हाईत हाय का?"

मंगळीला आठवा लागलाय. आधीचं मूल पोटातच गेलं होतं. BP काठावर. दर आठवड्याला बघायलाच हवं. सुनीताताईंना (आमच्या आशा सेविका) म्हटलं, गाडी नाही तर आपण चढू.

६ जानेवारी, मंगळवार
चढलो. लशींचा डबा आळीपाळीने खांद्यावर. वाडीत म्हातारी माणसं आणि कोंबड्या. बाया नाहीत. परत.

१३ जानेवारी, मंगळवार
आजही तेच. मी चिडले. उतरताना ताईंना म्हटलं, यांनाच गरज नाही तर आपण कशाला जीव काढायचा.
तिठ्यावर बाजार भरला होता. वाडीच्या सगळ्या बाया चिंचेखाली ओळीने बसलेल्या, पुढे भांबुर्ड्याच्या पाल्याचे भारे. पोपटीचे दिवस, मडक्यात वालाच्या शेंगा याच पाल्यात भाजतात; कळंबच्या रिसॉर्टवाल्यांना पाला कितीही आणा, पुरत नाही. मंगळी पण तिथेच. मला बघून हसली. "गाडी व्हती तवा तपासून झालं का डायवरदादा आमाला भाऱ्यासकट खाली आणून सोडायचा. आता पहाटंच चालत निगतो."
म्हणजे त्या गाडीसाठी थांबायच्या. गाडीबरोबर औषध घ्यायच्या. आम्ही अहवालात लिहीत राहिलो, 'प्रतिसाद उत्तम'.
आणि आठव्या महिन्यात ही डोक्यावर भारा घेऊन डोंगर उतरतेय. तिथेच पिशवीतून मशीन काढून BP घेतला. वाढलाय. गोळ्या सुरू, भारा बंद. तिची जाऊ म्हणाली, तिचा पाला मी आणीन, ती नुसती बसून इकंल.
घरी येईपर्यंत डोक्यात एकच. बाया बाजारात, तर दवाखाना बाजारात.

१५ जानेवारी, गुरुवार
प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांकडे गेले. म्हणाले, बाजारात सत्र घ्यायचं आराखड्यात नाही. मी म्हटलं, गाडी आराखड्यात होती. त्यावर हसले. लेखी देणार नाहीत, अडवणारही नाहीत. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ.

२० जानेवारी, मंगळवार
पहिलाच दिवस आणि भांडण. चिंचेच्या कडेला मोकळी जागा दिसली, टेबल मांडलं. एक पाय डुगडुगत होता. तिथे एक दगड पडला होता, तो पायाखाली सरकवला. तेवढ्यात सुकटवाली आक्का टोपली घेऊन हजर.
"माजा दगड कोनी हलवला?"
या बाजारात प्रत्येकीची जागा दगडाने धरलेली असते. आठवडाभर दगड तिथेच, कोणी हात लावत नाही. मी कडावची, लहानपणापासून बाजार करणारी, आणि हे मला माहीत नव्हतं. विकत घ्यायलाच गेलो ना कायम, विकायला बसलो नाही.
आक्का थांबेना. म्हणे सुई बघून गिऱ्हाईक पळंल, माझ्या सुकटीला औषधाचा वास लागंल. मंगळी म्हणाली, "आक्का, तुज्या सुकटीला आनिक कसला वास लागनार?" सगळा बाजार हसला, आक्कासुद्धा. दगड जागेवर ठेवला, माफी मागितली. मंगळी आणि तिची जाऊ सरकून बसल्या, त्यांच्यामध्ये टेबल मावलं.
गाडी असताना यायच्या त्याहून जास्त बाया. पलीकडच्या दोन वाड्यांच्याही आल्या, जिथे गाडी कधी पोचलीच नव्हती!

३ फेब्रुवारी, मंगळवार
आक्का स्वतः आली. "माजं बी प्रेशर बग." खूप निघालं. आता दर मंगळवारी पहिला नंबर तिचा, वर गिऱ्हाइकांना दम, आधी शिस्टरकडं जा मग भाव कर.
मंगळी ठीक.

१० फेब्रुवारी, मंगळवार
जिल्ह्यावरून मेसेज. निधी आला नाही तर ३१ मार्चनंतर आम्हा कंत्राटींना मुदतवाढ नाही. आईने लगेच कुंभिवलीच्या कंपनीचं काढलं. तिथल्या दवाखान्यात नर्स हवी आहे, मावसभावाने सांगून ठेवलंय. बाबा घरातली पहिली पदवीधर म्हणून गावभर सांगत फिरले, "आमची पोर सरकारात हाय." आता काय सांगतील?

१७ फेब्रुवारी, मंगळवार
मंगळी आली ती डोकं धरून. पाय सुजलेले, डोळ्यांपुढे अंधारी. BP बघून लगेच रुग्णवाहिकेला फोन केला. रुग्णवाहिका दुसऱ्या केसवर, वेळ लागणार. टोमॅटोवाल्याने न विचारता टेंपोतले क्रेट खाली उतरवले. आक्काने आपलं गोणपाट घातलं. मी आणि जाऊ मागे, मंगळीचं डोकं माझ्या मांडीवर. कर्जतपर्यंत ती एकच विचारत होती, ह्ये तरी जगंल ना. मी हो म्हणत होते. मला माहीत नव्हतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार
मुलगी. रडली! मंगळी शुद्धीवर, BP उतरतोय. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, घरी राहिली असती तर दोघी गेल्या असत्या.
वाडीत राहिली असती तर. बाजारात होती म्हणून.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
टोमॅटोवाल्याने सगळ्यांना सांगितलंय की बाळ त्याच्या टेंपोने वाचवलं. खरंच आहे.
डॉक्टरसाहेब आज स्वतः येऊन बसले. आराखड्यात अजून नाही. दुपारपर्यंत हलले नाहीत.

१७ मार्च, मंगळवार
ग्रामसभा. वाडीच्या बाया पहिल्यांदाच एवढ्या संख्येने. मी बोलणार होते, कागद काढून ठेवला होता, पण मंगळी मुलीला घेऊन उभी राहिली. "दिल्लीला आमची वाडी म्हाईत नाय. तुमाला तं हाय ना?" मी कागद परत पिशवीत ठेवला. ठराव झाला, बाजारातला दवाखाना बंद पडू द्यायचा नाही. वरून पैसे येईपर्यंत औषधं आणि माझं मानधन पंचायतीच्या स्वनिधीतून. सरपंचबाई म्हणाल्या, किती महिने झेपेल सांगता येत नाही. पण हात सगळ्यांचे वर. मी रडले, ताईंच्या पदराला डोळे पुसले.

३१ मार्च, मंगळवार
मुदतवाढ आली नाही. आज कागदोपत्री शेवटचा दिवस.
कंपनीत उद्या हजर व्हायचं होतं. सकाळीच कुंभिवलीला जाऊन नाही सांगून आले. आई चिडलीय. बाबांनी विचारलं, मग सरकारात नाय का आता? मी म्हटलं, पंचायत पण सरकारच आहे. म्हणाले, "त्ये जवळचं हाय."
पैसे कधी येतील, येतील की नाही, कुणालाच ठाऊक नाही.
बाजार उठला. टेबल मिटून ताईंनी शाळेत ठेवलं. मग मी ओढ्यातून एक गोल दगड उचलून आणला आणि मंगळीच्या दगडाशेजारी, आमच्या जागेवर, ठेवून आले.